चिखल उडवणाऱ्याला दंड हवाच

जूनमधला पहिला मोठा पाऊस पडला की आपल्या शहरांत एक वाक्य हमखास ऐकू येते. "पाऊस आहे, चिखल उडणारच." रस्त्याच्या कडेने चाललेल्या माणसाच्या अंगावर एखादी गाडी डबक्यातले गढूळ पाणी उडवून निघून जाते. तो शिवी हासडतो किंवा मुकाट्याने रुमाल काढून तोंड पुसतो. शेजारचा दुकानदार समजूत काढायला हेच वाक्य ऐकवतो. पुढच्या सिग्नलवर कुणी चालकाला गाठलेच, तर तोही हेच सांगतो. चिखल झेललेला, तो पाहणारा आणि उडवणारा, तिघांनीही हे वाक्य कबूल केलेले असते.

मला ते कबूल नाही. पाऊस आकाशातून पडतो, त्याचा जाब कुणाला विचारता येत नाही. चिखल चाकाखालून उडतो, आणि ते चाक कुणीतरी चालवत असते. वेग किती ठेवायचा, ब्रेक कधी दाबायचा, हे त्याच्या हातात असते. म्हणून माझे म्हणणे सरळ आहे. डबके दिसत होते, माणूस दिसत होता, वेग कमी करता येत होता आणि तरीही केला नाही, अशा चालकाला दंड झाला पाहिजे. दंड लहान असावा, पण हमखास व्हावा. आणि ज्याचे कपडे खराब झाले त्याला धुलाईचा खर्च मिळावा.

या विषयावर लिहायचे म्हटले की लोक हसतात. माणसे जमावाच्या हातून मारली जात आहेत, घरांवर बुलडोझर चालत आहेत, आणि तुम्हाला डबक्यातल्या पाण्याची पडली आहे का, असा प्रश्न आपल्यापैकी अनेकजण विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण मोठ्या जुल्माविरुद्ध बोलणाऱ्याने लहान जुल्म माफ करावेत, असा नियम नाही. उलट, दुर्बळाला मोजायचे नाही ही सवय माणसाला लहान गोष्टींतच लागते. ज्या समाजात गाडीवाला पायी चालणाऱ्याला भिजवून हसत निघून जातो आणि बघ्यांना त्यात काही वावगे वाटत नाही, त्या समाजात कायद्यापुढे सगळे समान आहेत हे वाक्य कागदावरच राहते.

भिजतो कोण?

चिखल कुणाच्या अंगावर उडतो ते आधी पाहू. ज्याच्या कपाटात कपड्यांचे दहा जोड आहेत तो सहसा पायी चालत नाही. चालते ती सकाळी चार घरी धुणीभांडी करायला निघालेली बाई. पहिल्या घरी पोचण्याआधीच ती भिजली, तर चारही घरी ओल्या साडीने काम करते. चालतो तो शाळेचा मुलगा. त्याच्याकडे गणवेशाचे दोन जोड असतात, आणि जुलैत धुतलेला एक जोड दोन दिवस वाळत नाही. चालतो तो मुलाखतीला निघालेला तरुण. इस्त्रीचा शर्ट त्याने दाराआडच्या खिळ्याला रात्रभर जपून टांगलेला असतो. मुलाखत घेणाऱ्याला त्या शर्टावरचे डाग दिसतात, ते कुठून आले ते दिसत नाही.

आपल्या वाचकांना आणखी दोन चित्रे ओळखीची आहेत. जुम्याच्या दिवशी गुस्ल करून, पांढरा कुर्ता घालून माणूस मशिदीकडे निघतो. घरी परतून कपडे बदलण्याइतका वेळ नसतो. आणि बुरख्यातली बाई. काळ्या कापडावर चिखल दिसत नाही, म्हणून तिच्या भिजण्याची दखलही कुणी घेत नाही. पण ओला, जड झालेला बुरखा पायात घोटाळतो आणि ती त्याच अवस्थेत बसची वाट पाहत उभी राहते.

हे फक्त कपड्यांपुरते नाही. पाण्याची लाट येताना दिसली की माणूस दचकून मागे सरकतो किंवा उडी मारतो. मागे गटार असते, बाजूला दुसरी गाडी असते. वयस्कर माणूस पडला तर खुब्याचे हाड मोडते. दुचाकीस्वाराच्या डोळ्यांवर मोटारीने पाणी मारले तर त्याला क्षणभर काहीच दिसत नाही. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातल्या रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली, त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती. यातले किती चिखल चुकवताना मेले, हे त्या आकड्यांवरून कळत नाही. पण पायी चालणाऱ्याचा जीव आपल्या रस्त्यांवर किती स्वस्त आहे, ते नक्की कळते.

पायी चालणारे मूठभर आहेत असेही नाही. २०११ च्या जनगणनेत लोक कामाला कसे जातात हे विचारले गेले. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर काम करणाऱ्यांत पाचव्या हिश्श्याहून जास्त लोक पायी जात होते. मोटारीने जाणारे शंभरात पाचही नव्हते. बसने, लोकलने जाणारा माणूसही घरापासून थांब्यापर्यंत चालतोच. म्हणजे रस्त्यावर बहुमत चालणाऱ्यांचे आहे आणि रस्ता मात्र चाकांच्या मालकीचा.

इतर देश काय करतात?

जपानचा रस्ते वाहतूक कायदा १९६० चा आहे. चालकांची कर्तव्ये सांगणाऱ्या त्याच्या ७१ व्या कलमातली पहिलीच बाब चिखलाची आहे. चिखल किंवा साचलेले पाणी असलेल्या जागेवरून जाताना गाडीला चिखल अडवणारे साधन लावावे किंवा वेग कमी करावा, आणि इतरांना चिखलपाण्याचा उपद्रव होऊ देऊ नये, असा त्याचा आशय आहे. तो मोडला तर मोठ्या वाहनाला सात हजार येन, साध्या मोटारीला आणि मोटारसायकलला सहा हजार येन दंड होतो. तुरुंगवास नाही, परवाना रद्द नाही. पण हे कृत्य गुन्ह्यांच्या यादीत नाव घेऊन नोंदलेले आहे.

ब्रिटनमध्ये चिखलाचे वेगळे कलम नाही. तिथल्या १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्याचे तिसरे कलम निष्काळजीपणे किंवा इतरांचा विचार न करता गाडी चालवण्याला गुन्हा मानते. चालवण्याच्या पद्धतीमुळे दुसऱ्याची गैरसोय झाली की 'इतरांचा विचार केला नाही' हे पुरेसे सिद्ध होते. डबक्यातून गाडी नेऊन पादचाऱ्याला भिजवणे हे तिथल्या सरकारी अभियोक्त्यांच्या मार्गदर्शिकेत याचे उदाहरण म्हणून दिलेले आहे. जागच्या जागी निकालात काढायचे असेल तर शंभर पौंड दंड आणि परवान्यावर तीन गुण.

पाऊस लंडनमध्येही पडतो, टोकियोतही पडतो. तिथे "पाऊस आहे, चिखल उडणारच" हे उत्तर कायद्याला पुरत नाही.

आपला कायदाही अगदीच मुका नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८४ मध्ये धोकादायक रीतीने वाहन चालवण्याला शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याची व्याप्ती वाढली. गाडीतले प्रवासी, रस्त्यावरचे इतर लोक आणि रस्त्यालगतची माणसे यांना भीती वाटेल किंवा मनस्ताप होईल अशा रीतीने गाडी हाकणेही त्यात आले. पण या कलमात एक हजार ते पाच हजार रुपये दंड आहे आणि सहा महिने ते वर्षभर तुरुंगाचीही तरतूद आहे. शर्ट खराब केला म्हणून कुठला हवालदार हे कलम लावील? आणि लावावे असे मीही म्हणणार नाही. शिक्षा अपराधाहून मोठी असली की ती कुणालाच होत नाही.

याच कायद्यात लहान दंडाची सोयही आहे. वाहन कसे चालवावे याचे विनियम केंद्राने २०१७ मध्ये काढले, आणि असे विनियम मोडल्यास कलम १७७अ खाली पाचशे ते हजार रुपये दंड आहे. चिखल उडवण्याला योग्य मापाचा दंड हाच. हेल्मेट नाही, सिग्नल तोडला, चुकीच्या जागी गाडी उभी केली, यांची चलाने रोज फाटतात. पादचाऱ्याला भिजवले म्हणून पावती फाडल्याचे मात्र मी आजवर ऐकलेले नाही. ज्या गुन्ह्यांत वाहतूक अडते ते आपल्या यंत्रणेला दिसतात. ज्यात फक्त माणूस भिजतो ते दिसत नाहीत.

फिकहच्या पुस्तकांतला चिखल

आता थोडे आपल्या परंपरेकडे. हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मलेला नाही. घोडे, उंट, खेचरे रस्त्यावरून धावत होती तेव्हाही धूळ आणि चिखल उडतच होता, आणि आपल्या फुकहांनी त्यावर विचार केलेला आहे.

बाराव्या शतकात बुरहानुद्दीन मरगीनानी यांनी लिहिलेला 'हिदाया' हा हनफी फिकहचा ग्रंथ भारतातल्या मदरशांत आजही शिकवला जातो. ईस्ट इंडिया कंपनीच्या न्यायालयांसाठी १७९१ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही झाला होता. जनावरांमुळे होणाऱ्या नुकसानीच्या प्रकरणात त्यात अगदी हाच मुद्दा आहे. चालत्या जनावराच्या खुराने धूळ किंवा बारीक खडा उडाला आणि कुणाचे कापड खराब झाले, तर स्वार भरपाई देणे लागत नाही. मोठा दगड उडाला तर मात्र देणे लागतो. कारण असे की धूळ आणि बारीक खडे कुठल्याही चालीत उडणारच, ते टाळणे स्वाराच्या हातात नाही. मोठा दगड स्वाराने जनावर आडदांडपणे हाकल्याशिवाय उडत नाही.

उस्मानी सल्तनतीने १८६९ ते १८७६ या काळात 'मजल्ला' ही दिवाणी संहिता तयार केली. तिच्यातही सार्वजनिक रस्त्यावरून जनावर नेण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, आणि जे टाळता येत नाही त्याची भरपाई स्वाराकडून मागता येत नाही असे म्हटले आहे. तिथे दिलेल्या उदाहरणांत जनावराच्या पायांनी उडालेला चिखल आणि त्याने खराब झालेले कपडे आहेत.

कुणी म्हणेल, मग झाले तर! तुमच्याच फिकहने चिखल उडवणाऱ्याला सोडले आहे. घाई करू नका. सोडले आहे ते कशामुळे, ते पाहा. टाळणे शक्य नव्हते म्हणून. सगळा निवाडा या एका कसोटीवर उभा आहे. रस्ता वापरायची मुभा सगळ्यांना आहे, पण जे टाळता येईल ते नुकसान दुसऱ्याला होऊ नये या अटीवर. चिखलातून चालणाऱ्या घोड्याचे खूर कुठे पडतील हे स्वार ठरवू शकत नव्हता. आजच्या चालकाच्या पायाखाली ब्रेक आहे, हातात स्टिअरिंग आहे, समोर काच आणि त्यावर वायपर आहे. ताशी पन्नासने डबक्यात शिरले तर पाण्याची भिंत उठते, दहाने शिरले तर चाकाभोवती खळबळ होते, इतकाच फरक. घोड्याला जे अशक्य होते ते मोटारीला शक्य आहे. मग त्याच कसोटीवर आजचा निकाल उलटा लागतो. मोटारीने उडवलेला चिखल त्या बारीक खड्यात मोडत नाही. तो आडदांडपणे हाकल्यामुळे उडालेला मोठा दगड आहे.

आणखी एक गोष्ट. रस्त्यावरच्या चिखलाबद्दल आपल्याकडे एक सवलत सांगितली जाते. रस्त्याचा चिखल कपड्याला लागला तरी, त्यात नापाकी स्पष्ट दिसत नसेल तर, नमाज होते. त्यापासून वाचणे कठीण म्हणून ही सूट. चिखल उडवणारे काहीजण तिचाच आधार घेतात. "अरे भाई, नमाज होते की, कशाला तापतोस?" ही सूट भिजलेल्या माणसाला आहे. त्याची इबादत अडू नये म्हणून ती दिली आहे. भिजवणाऱ्याला तिच्यातून काहीही मिळत नाही. त्याच्याकडे बाकी आहे तो बंद्याचा हक, आणि बंद्याचा हक बंद्यानेच माफ करावा लागतो, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानाचाच एक भाग आहे, ही हदीस बहुतेकांना पाठ असते. दुसरी एक हदीस तितकी आठवत नाही. सलामचा शिष्टाचार सांगताना प्रेषितांनी स्वाराने पायी चालणाऱ्याला आधी सलाम करावा असे सांगितले. जो उंच बसला आहे, ज्याच्या हाती वेग आहे, त्याने खाली चालणाऱ्याची आधी दखल घ्यायची. आपल्या रस्त्यांवर पाहा. उंच बसलेला सलाम करायचे सोडून खाली चालणाऱ्याच्या तोंडावर गटाराचे पाणी मारतो.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप नेहमीचा. डबके कुणी तयार केले? महापालिकेने. मग शिक्षा चालकाला का? महापालिकेचा दोष मी रतीभरही कमी करत नाही. भिवंडीत, मुंब्र्यात, मालेगावात एखाद्या पावसाळ्यात फिरून या, म्हणजे रस्ता कुठे संपतो आणि खड्डा कुठे सुरू होतो याचा पत्ता लागणार नाही. चांगला रस्ता हा नागरिकाच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले आहे. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर कुटुंबाला सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेशही ऑक्टोबर २०२५ मध्ये दिला आहे. चालण्याजोगा फुटपाथ हा पादचाऱ्याचा घटनेच्या कलम २१ खालचा हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी मे महिन्यात म्हटले. ही लढाई चालू राहिली पाहिजे. पण एकाच्या गुन्ह्याने दुसऱ्याचा गुन्हा पुसला जात नाही. रस्त्यात कुणी दगड टाकून ठेवला, म्हणून तो उचलून वाटसरूला मारण्याची परवानगी मिळत नाही. डबके पालिकेचे असेल, वेग चालकाचा आहे.

दुसरा आक्षेप चालकांचा आहे आणि तो खरा आहे. रात्री दिवे नसतात, डबके दिसत नाही. मागून डंपर येत असतो, अचानक ब्रेक मारणे धोक्याचे असते. दुचाकीवाल्याने डबके चुकवायला गाडी वळवली तर तोच चाकाखाली येतो. अशा वेळी दंड होता कामा नये. कसोटी पुन्हा तीच. टाळता येत होते का? भर दिवसा, मोकळ्या रस्त्यावर, थांब्यावर माणसे उभी दिसत असताना वेग तसाच ठेवणाऱ्याला रात्री अंधारात फसलेल्याच्या रांगेत उभे करू नका. आणि चुकून पाणी उडालेच, तर हात वर करून माफी मागायला कितीसा वेळ लागतो? सज्जन चालक ते करतातच.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जड वाटतो. दंडाचा पहिला फटका गरीब चालकाला बसेल. रिक्षावाला, टेम्पोवाला, पार्सल पोचवणारा पोरगा. आपल्या समाजातली हजारो घरे याच कामांवर चालतात. शिवाय पोलिसांच्या हातात आणखी एक कलम आले, की नाक्यावर आणखी एक वसुली सुरू होईल, आणि परवान्यावरचे नाव वाचून पावती फाडली जाईल, ही भीती आपल्या लोकांना आहे. ती अनुभवातून आलेली आहे.

म्हणूनच दंड कसा असावा हे महत्त्वाचे. नाक्यावर गाडी अडवून रोख पैसे घेण्याचा अधिकार यात कुणालाच नको. भिजलेल्या माणसाची तक्रार असेल, जागा, वेळ आणि गाडीचा नंबर असेल, आणि सोबत दुकानाच्या, सिग्नलच्या कॅमेऱ्याचे किंवा मोबाइलचे चित्रण असेल, तरच ई-चलान निघावे. चालकाला आपली बाजू मांडता यावी. धंद्याच्या गाडीचा चालक वेळापत्रकाच्या धाकाने पळवत असेल तर मालकालाही जबाबदार धरावे. दहा मिनिटांत सामान पोचवण्याची जाहिरात करणाऱ्या कंपनीने दंड पोराच्या पगारातून कापू नये.

आणि एक प्रश्न उलट विचारतो. चिखलाने भिजणारा कोण आहे? तोही गरीबच आहे. रिक्षावाल्याची बायको, टेम्पोवाल्याचा मुलगा त्याच रस्त्याने पायी जातात. गरीब चालकाची दया करायची आणि गरीब पादचाऱ्याला "होतेच असे" म्हणायचे, हा इन्साफ होत नाही.

चौथी गोष्ट आक्षेप म्हणून कुणी मांडत नाही, पण मला तिचीच जास्त काळजी वाटते. कायदा दाद देत नाही तिथे राग दाद मागतो. चिखल उडवला म्हणून गाडी अडवायची, काच फोडायची, चालकाला ओढून मारायचे. चालकाच्या चेहऱ्यावर दाढी असली किंवा कपाळावर टिळा असला, की शर्टाचा वाद मोहल्ल्याचा व्हायला वेळ लागत नाही. रस्त्यावरच्या लहानशा भांडणाला धर्माचा रंग देणारे आजकाल कोपऱ्याकोपऱ्यावर तयार बसलेले असतात. पाचशे रुपयांचे ठरलेले चलान भिजलेल्या माणसाला जितके उपयोगाचे आहे, तितकेच चालकालाही आहे. तो नंबर लिहून घेईल, तक्रार करील, गोष्ट तिथे संपेल. दंड हा चालकाचा शत्रू आहे असे मानणाऱ्यांनी जमावासमोर उभ्या चालकाची कल्पना करून पाहावी.

मग काय करावे?

माझ्या मागण्या पाच आहेत, आणि एकही अवघड नाही.

एक, ई-चलानच्या यादीत 'पादचाऱ्यावर पाणी किंवा चिखल उडवणे' असा स्वतंत्र रकाना असावा. नाव दिल्याशिवाय गुन्हा दिसत नाही. पहिल्या वेळी पाचशे रुपये पुरेत, पुन्हा केल्यास हजार.

दोन, दंडाबरोबर भिजलेल्या माणसाला धुलाईचा खर्च मिळावा. सरकारच्या तिजोरीत पाचशे रुपये गेले तर ओल्या माणसाला काय मिळाले? फिकहच्या भाषेत सांगायचे तर जमान, म्हणजे भरपाई, ही ज्याचे नुकसान झाले त्याची असते.

तीन, वारंवार करणाऱ्याला पैशाऐवजी वेळ द्यायला लावावा. २०१९ च्या दुरुस्तीने तडजोड शुल्कासोबत समाजसेवा करायला लावण्याचा अधिकार राज्य सरकारांना दिला आहे. ज्याच्या गाडीची किंमत वीस लाख आहे त्याला हजार रुपये जाणवत नाहीत. त्याला पावसात दोन तास शाळेच्या फाटकापाशी मुलांना रस्ता ओलांडून द्यायला उभे करा. रस्ता चालणाऱ्याच्या उंचीवरून कसा दिसतो ते त्याला तिथे कळेल.

चार, मडगार्ड आणि चाकामागचे रबरी फ्लॅप तपासा. चाक चिखल उडवते हे गाडी बनवणाऱ्यालाही माहीत असते, म्हणून तर ते लावलेले असतात. दिखाव्यासाठी दुचाकीचे मागचे मडगार्ड काढून फिरणारे आणि फाटके फ्लॅप लटकवत फिरणारे डंपर, दोघांनाही पावसाळ्याआधी थांबवता येईल.

पाच, जिथे दरवर्षी पाणी साचते त्या जागा पालिकेला पाठ असतात. हिंदमाता असो की मिलन सबवे, नावे वर्षानुवर्षे तीच आहेत. काम पूर्ण होईपर्यंत तिथे वेगमर्यादेची पाटी आणि एक कॅमेरा तरी लावा.

कुणी म्हणेल, सगळी प्रकरणे सिद्ध होणार नाहीत. खरे आहे. सिग्नल तोडणारे सगळे तरी कुठे पकडले जातात? पण सिग्नल तोडणे चूक आहे हे प्रत्येक चालकाला माहीत असते, कारण कायद्याने तसे सांगितले आहे. चिखल उडवणे चूक आहे, हे अजून कुणी त्यांना सांगितलेलेच नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर आपल्या मोहल्ल्यात आपल्याला कुणी अडवलेले नाही. जुम्याची नमाज सुटली की मशिदीच्या दारातल्या डबक्यातून सगळ्यांत आधी बुलेट कोण काढतो? आपलीच पोरे. वरातीच्या गाड्या, इज्तेम्याला निघालेल्या जीपा, निवडणुकीतल्या नेत्यांचे ताफे, यांच्या चाकांनी आपल्याच म्हाताऱ्या माणसांना कितीदा अंघोळ घातली आहे! इमाम साहेबांनी पावसाळ्याच्या पहिल्या जुम्याला खुतब्याआधीच्या बयानात पाच मिनिटे यावर बोलावे. वजूत पाणी वाया घालवू नये हे आपण ऐकतो. तेच पाणी दुसऱ्याच्या अंगावर उडवू नये, हेही ऐकवले पाहिजे. आणि बापाने मुलाला गाडीची चावी देताना हेल्मेटबरोबर हेही सांगावे की रस्त्यात पायी चालणाऱ्याचा हक आधी, मग तुझा.

पाऊस अल्लाहची रहमत आहे असे आपण म्हणतो. ज्याच्या अंगावर दर पावसाळ्यात ती गटाराच्या पाण्यातून येते, त्याला सब्र करायला सांगून आपण पुष्कळ वर्षे काढली. आता गाडीवाल्याला ब्रेक दाबायला सांगू या. तो ऐकत नसेल तर त्याच्या गाडीचा नंबर लिहून घेऊ या.